आधी पाणी मागा

या खेपेला जी पत्रं आली त्यांतली चार एकाच गाठीपाशी अडली होती. जो आपल्यासारखा नाही, आपली भाषा बोलत नाही, आपला देव मानत नाही, त्याला येशूची सुवार्ता सांगायची म्हणजे नेमकं करायचं काय? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आहेत. (त्यांतली तीन चर्चच्या मंडळीतल्या भांडणांची आहेत. ती काही शिळी व्हायची नाहीत.) नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. 31 वर्षं वॉर्डात सिस्टर होते, आता बायबलचा वर्ग घेते. उत्तरं त्या मापाची धरावीत.

प्रश्न : मी आमच्या तरुण संघाचा सचिव आहे, वय 26. दीड वर्षापासून आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एका रविवारी एका मोठ्या बांधकामावरच्या कामगारांच्या वस्तीत जातो. लोक लांबून आलेले, भाषा वेगळी, धर्म वेगळा. आम्ही त्यांच्या भाषेतल्या सुवार्तेच्या छापील पत्रिका मागवल्या, गाणी बसवली, मुलांचे खेळ घेतले. लोक चांगले वागतात, पत्रिका घेतात. एक बाई तर दर वेळी पाणी घेऊन पुढे येतात, पण आमच्याकडे बाटल्या असतात आणि वेळही कमी असतो. दीड वर्षात दोन माणसं उपासनेला आली, दोन रविवार बसली, पुन्हा फिरकली नाहीत. पैसे वाया जातात अशी कुजबुज मंडळीत सुरू झाली आहे. आमचं कुठे चुकतंय? आमची प्रार्थना कमी पडते का?
— तुमच्या मुलाच्या वयाचा एक वाचक

उत्तर : मुलाच्या वयाचा म्हणतोस, म्हणून अरेतुरे करते. प्रार्थना किती पुरते नि किती कमी पडते हे मला मोजता येत नाही. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलंय, आणि ते तू अगदी जाता जाता लिहिलं आहेस : 'आमच्याकडे बाटल्या असतात.'

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय तुझ्या संघाने दहा वेळा तरी वाचला असेल. त्यावर नाटुकलंही केलं असेल, सगळ्यांनीच केलेलं असतं. येशू शोमरोनातल्या सूखार गावाबाहेर याकोबाच्या विहिरीपाशी बसलाय. ऊन चढलंय, चालून चालून तो दमलाय, शिष्य अन्न विकत आणायला गावात गेलेत. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. येशू स्वतः यहूदी. यहूदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी काही चालत नसे, हे योहान तिथेच सांगून टाकतो. आणि येशूचं पहिलं वाक्य कोणतं? 'मला प्यायला पाणी दे.' जिवंत पाण्याचं बोलणं मागून येतं. आधी तो तिच्याकडे मागतो. ती त्याला तोंडावर सांगते की बाबा, तुझ्याकडे पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. त्या घडीला त्याच्याकडे नाही आणि तिच्याकडे आहे, अशी सगळी मांडणी आहे. तुमच्या बाबतीत नेमकं उलट झालंय. तुम्ही बाटली, गाणं, खेळ, पत्रिका सगळं घेऊन जाता आणि सगळं देऊन येता. त्या बाईंकडे तुम्हाला देण्यासारखं एकच होतं, आणि दीड वर्ष त्या ते तसंच हातात धरून परत नेताहेत.

आता लगेच 'पाणी मागायचं' अशी युक्ती म्हणून संघाच्या वहीत लिहून ठेवू नकोस. येशूला खरंच तहान लागली होती. तुलाही लागत असेल. बाटली घरी ठेव, म्हणजे लागेल.

दुसरी गोष्ट बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली. येशूचा शिष्य पेत्र आणि कर्नेल्य यांची ही गोष्ट आपण 'परराष्ट्रीयांना (म्हणजे यहूदी नसलेल्यांना) सुवार्ता' या मथळ्याखाली शिकवतो. कर्नेल्य हा कैसरीयातला रोमी शताधिपती. इकडे यापोमध्ये पेत्राला भूक लागलेली असताना दृष्टांत होतो, चादरीसारखं काहीतरी आकाशातून खाली येतं, त्यात सगळे प्राणी, यहूद्यांना वर्ज्य असलेलेही, आणि 'मारून खा' अशी वाणी. पेत्र म्हणतो, नको प्रभू. हे तीनदा होतं. एवढ्यात कर्नेल्याची माणसं दारात येतात. पेत्र त्यांना आत घेतो, ठेवून घेतो, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघतो. तिथे पोचल्यावर काय म्हणतो हे मी वर्गात विचारते तेव्हा सगळे म्हणतात, 'सुवार्ता सांगतो.' नाही. तो आधी विचारतो, मला कशासाठी बोलावलंत? मग कर्नेल्य बोलतो आणि पेत्र ऐकतो. त्याचं भाषण त्यानंतर, आणि तेही पुरं होत नाही. तो बोलत असतानाच पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरतो. (लांब उपदेश करणाऱ्या माझ्या सगळ्या पाळक मित्रांना मी ही ओवी अधूनमधून पाठवत असते.)

पण माझी आवडती जागा पुढच्या अध्यायात आहे. पेत्र यरुशलेमेला परततो, तर मंडळीतले लोक त्याच्याशी वाद घालतात. तक्रार काय, तर 'तू सुंता न झालेल्यांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास.' उपदेश का केलास, असं कुणी विचारत नाही. जेवण खुपतं. उपदेश लांब उभं राहून करता येतो, जेवायला शेजारी बसावं लागतं, हे त्या तक्रारखोरांना आपल्यापेक्षा जास्त कळलं होतं. आणि हाच पेत्र पुढे अंत्युखियात काही यहूदी माणसं आल्याबरोबर परराष्ट्रीयांच्या पंगतीतून अंग काढून घेतो, तेव्हा प्रेषित पौल त्याला सगळ्यांदेखत झापतो. गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे एवढा दृष्टांत होऊनही पेत्राचा पाय घसरला. मग तुझा-माझा घसरणारच. मला एवढंच दिसतं की त्या कथेत बदलावं लागलं ते दोघांना, आणि पेत्राला थोडं जास्त.

भाषेचं म्हणशील तर पत्रिका त्यांच्या भाषेत मागवल्यात हे चांगलं केलंत. पण ती भाषा तुम्हाला येते का? थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला. त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. मधली वर्षं मोज. त्याने आपल्या भाषेची गारगोट्यांतल्या रत्नाशी तुलना केली. एखाद्या भाषेवर असा जीव जडायला तिच्यात राहावं लागतं, ती बोलताना चुकावं लागतं, लोकांना हसू द्यावं लागतं. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद केला. संस्कृतच्या त्या गाढ्या पंडिता, पण साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी झटल्या, 1922 मध्ये गेल्या तोवर त्याच कामात होत्या. आपल्याला येतं ते सांगणं सोपं असतं. त्यांना कळेल तसं सांगायचं तर आधी त्यांच्याकडे विद्यार्थी होऊन जावं लागतं.

तेव्हा असं कर. तीन महिने पत्रिका बंद. दहाजणांचा जथा बंद. दोघं-तिघं जा, त्यात एखादी मुलगी असू दे, आणि त्या बाईंकडेच जा. दर वेळी नवं घर नको. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू पाठवताना हेच बजावतो, की ज्या घरात जाल तिथेच राहा, ते जे देतील ते खा-प्या, घरोघर फिरत बसू नका. त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतली दहा वाक्यं शिका. त्यांचं नाव विचारा. दीड वर्षात ते तुझ्या पत्रात कुठे आलेलं नाही, म्हणून म्हणते. त्यांनी विचारलं की तुम्ही का येता, तर मात्र आडपडदा न ठेवता सांगा. लपवाछपवी हाही अपमानच आहे.

आणि ती दोन माणसं उपासनेला आली तेव्हा त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? गीताचं पान कुणी काढून दिलं? हे आधी शोध, मग प्रार्थनेचं बघू. पैशांची कुजबुज करणाऱ्यांना सांग, या तिमाहीत खर्च शून्य आहे.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. तुमचं मासिक माझ्या मैत्रिणीच्या घरी वाचते. आम्ही 9 वर्षं एकत्र नोकरी करतोय. माझे वडील गेले त्या रात्री ती माझ्याजवळ पहाटेपर्यंत बसली होती, एक शब्द बोलली नाही. ते मी विसरणार नाही. गेल्या वर्षापासून ती एका प्रार्थनागटात जाते आणि आता कुठलाही विषय काढला तरी गाडी येशूवर येते. माझ्या पाठदुखीवरून सुद्धा. मला तिचा राग येत नाही, पण मी तिची मैत्रीण आहे की तिचं काम आहे, हे कळेनासं झालंय. तुम्ही लोक आम्हाला आहोत तसं का राहू देत नाही?
— एक मैत्रीण

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बराच वेळ काही लिहिलं नाही. आधी माझीच एक गोष्ट सांगते.

मी 24 वर्षांची होते, अस्थिरोगाच्या वॉर्डात रात्रपाळीला. तिथे एक आजोबा होते, मांडीचं हाड मोडलेलं, पाय ट्रॅक्शनला टांगलेला. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलेले. धर्म वेगळा. उशाशी त्यांचा स्वतःचा ग्रंथ असायचा, लाल कापडात बांधलेला. मी एका रात्री ते झोपल्यावर एक पत्रिका त्यांच्या उशीखाली सरकवली. मनात म्हटलं, आपलं काम झालं, पुढचं देव बघेल. सकाळी तापमान घ्यायला गेले तर त्यांनी ती पत्रिका माझ्या हातात ठेवली. चार पानांत लाल शाईच्या अकरा खुणा. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, एके ठिकाणी अख्खी ओळ खोडून समासात नीट लिहिलेली. मला वाटलं, विषय संपला. तर ते म्हणाले, 'सिस्टर, मजकूर काही वाईट नाही. पण मला इथून उठून जाता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.'

इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य माझ्या कानात आहे. ज्याला उठून जाता येत नाही त्याला आपण काही ऐकवायचं नाही, हा नियम मी त्या सकाळी केला. रोगी असो, हाताखालचा माणूस असो, आपण मदत केलेला गरीब असो की उपकारात अडकलेला मित्र. तुमच्या वडिलांच्या रात्रीमुळे तुम्हाला तुमच्या मैत्रिणीसमोरून उठून जाता येत नाही, असं मला पत्रावरून वाटलं. तिला हे बहुधा ठाऊकच नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आम्ही गप्प का बसत नाही? कारण आमच्या प्रभूने जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा असं सांगितलंय, मत्तयाच्या अगदी शेवटी. ते पुसून मी तुमच्यापुढे शहाणी म्हणून बसणार नाही. जे मला जगायला पुरलं ते तुमच्यापासून लपवून ठेवलं तर मी कसली मैत्रीण? पण त्याच ग्रंथात एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो, उत्तर ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आणि जाऊ दिलं. मागे धावला नाही, अट सैल केली नाही, दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला नाही. 'नाही' म्हणायची मोकळीक त्याच्या समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला होती. ती तुम्हालाही आहे, आणि ती वापरल्याने तुमची मैत्री मोडत असेल तर तो दोष तुमचा नाही.

तिला सरळ सांगा : 'तू काय मानतेस ते मला कळलं. पुन्हा ऐकावंसं वाटलं तर मी विचारीन. माझी पाठ दुखतेय तेव्हा फक्त पाठीचं बोल.' आणि जमलं तर हेही विचारा, 'मी काय मानते ते तू मला 9 वर्षांत कधी विचारलंस का?' हा प्रश्न तिला लागेल. लागू द्या. हे पान तिच्या घरीच आहे, उघडं ठेवून या.

आजोबांचं राहिलं. त्यांचा चष्मा शस्त्रक्रियेच्या गडबडीत हरवला होता. म्हणजे त्या अकरा खुणा त्यांनी कागद नाकाशी धरून केल्या होत्या. पुढचे पंधरा दिवस वॉर्ड शांत झाला की मी त्यांना त्यांच्याच ग्रंथातलं पान-दोन पानं वाचून दाखवत असे, उच्चार चुकले की ते तिथेच थांबवत. शेवटच्या आठवड्यात एका रात्री ते म्हणाले, 'आता तुमचं सांगा. तोंडी. छापलेलं नको.' मी दहा मिनिटं बोलले असेन. त्यांनी दोन प्रश्न विचारले, एकाचं उत्तर मला आलं नाही. ते ख्रिस्ती झाले नाहीत. घरी जाताना पत्रिका मागून घेऊन गेले, बहुधा दुरुस्त केलेली प्रत आपल्याकडे असावी म्हणून.

प्रश्न : आमच्या मंडळीत दोन वर्षांपासून एका वेगळ्या समाजाची पंधरा-वीस कुटुंबं येऊ लागली. सुरुवातीला आनंद झाला. आता ते त्यांच्या भाषेत गीतं म्हणू द्या म्हणतात, त्यांची वाद्यं आणतात, प्रार्थना मोठ्याने आणि सगळे एकदम करतात. जुने सभासद नाराज आहेत. सुवार्ता सर्वांसाठी आहे हे मान्य, पण उपासनेला काही वळण नको का?
— मंडळीतील एक वडील (पंच)

उत्तर : वळण हवं. कुणाचं, हा प्रश्न आहे.

तुम्ही पंच आहात, म्हणून एकच प्रकरण समोर ठेवते, कृत्यांचा सहावा अध्याय. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. कुरकुर झाली. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ही सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप सोपवलेलं दिसतं. चौकशी समिती नेमली नाही, 'हळूहळू रुळतील' असंही म्हटलं नाही.

तुमच्या वडील मंडळात त्या वीस कुटुंबांतले किती जण आहेत? वाद्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? पत्रात तुम्ही सगळीकडे 'आमच्या मंडळीत ते' असं लिहिलंय. दोन वर्षं झाली, साहेब.

आणि त्या सातांतला फिलिप्प आठवा. पुढे शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो तो हाच. गज्जाच्या वाटेवर एका कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाच्या) अधिकाऱ्याच्या रथात चढून बसतो, तोही हाच, आणि तेसुद्धा त्याने बोलावल्यावर. बाहेरच्यांकडे जाणारा माणूस मंडळीला मिळाला तो असा, बाजूला पडलेल्यांतून. तुमच्याकडचा फिलिप्प कदाचित आत्ता मागच्या बाकावर आपलं वाद्य मांडीवर घेऊन गप्प बसला असेल.

मोठ्याने प्रार्थना करण्याबद्दल : कानाला त्रास होतो हे कबूल. मलाही होतो. मी पुढच्या रांगेतून उठून मागे बसायला लागले, काही बिघडलं नाही.

प्रश्न : मला बोलता येत नाही. चार लोकांत घशाला कोरड पडते. वचनं पाठ राहत नाहीत. मग माझ्यासारखीने साक्ष कशी द्यायची?
— एक गृहिणी

उत्तर : योहानाच्या नवव्या अध्यायात येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी) उलटसुलट प्रश्न विचारून हैराण करतात. येशू पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, असं तो सरळ सांगतो. मी आंधळा होतो, आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. यात पाठ करण्यासारखं काय आहे? आणि सूखारची ती बाई घागर तिथेच टाकून गावात गेली, तिचं भाषण तर एका प्रश्नावर संपतं : हाच ख्रिस्त असेल काय? तिलाही खात्री नव्हती. तरी गाव विहिरीकडे निघालं, आणि लोकांनी विनवलं म्हणून येशू तिथे दोन दिवस राहिला.

घशाला कोरड पडते म्हणता, तर ज्या शेजारणीशी बोलायचंय तिच्याकडेच पाणी मागा. वर त्या मुलाला जे सांगितलं तेच तुम्हाला. तिने पेला आणून दिला की बसा, आणि पहिलं तिला बोलू द्या.